चौसष्ट घरांतला थापाड्या: सॅम लॉइडची कोडी समजून घेताना

दादर स्टेशनच्या पुलावर एका फेरीवाल्याकडून मी भाच्यासाठी प्लास्टिकची एक चौकट घेतली. चार बाय चारची, आत एक ते पंधरा आकड्यांच्या सरकत्या सोंगट्या, एक घर रिकामं. डोंबिवली फास्टमध्ये बसायला जागा मिळाली म्हणून तो खुशीत होता. ठाण्यापर्यंत त्याने आकडे ओळीने लावले. मग पोरांच्या सवयीप्रमाणे नखाने सोंगट्या उपटून काढल्या, हातात खुळखुळवल्या, पुन्हा कशाही बसवल्या आणि पुन्हा लावायला घेतल्या. तेरापर्यंत सगळं जागेवर आलं, शेवटी मात्र पंधरा आधी आणि चौदा नंतर. डोंबिवली आली तरी ते दोन आकडे काही अदलाबदल होईनात.

"मामा, हे बिघडलंय."

बिघडलं नव्हतं. सोंगट्या उपटून मनाला येईल तशा बसवल्या, तर बरोबर निम्म्या वेळा असंच होतं. कितीही सरकवा, शेवटचे दोन उलटेच राहतात. का, ते पुढे सांगतो. या चौदा-पंधराच्या अदलाबदलीवर एका अमेरिकन माणसाने एक हजार डॉलरचं बक्षीस लावलं होतं. ते कुणालाही मिळणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शिवाय हे कोडं आपणच शोधलं असं तो मरेपर्यंत सांगत राहिला, तेही खोटं होतं. त्याचं नाव सॅम लॉइड. बुद्धिबळाची कोडी रचणाऱ्यांत त्याच्या तोडीची माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. थापा मारण्यातही तो कमी नव्हता. मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत, म्हणून दोन्ही एकत्रच सांगतो.

आधी बुद्धिबळाचं कोडं म्हणजे काय ते पाहू. डाव खेळता येणाऱ्यांनाही ते पुष्कळदा ठाऊक नसतं.

गिरगावात आमच्या चाळीच्या गॅलरीत रविवारी कॅरम चालायचा आणि टोकाला तात्या बुद्धिबळाचा पट मांडून बसायचे. समोर कुणी नसायचं. पटावर सहा-सात मोहरे आणि शेजारी वर्तमानपत्राचं कात्रण: "पांढऱ्याची खेळी, दोन खेळ्यांत मात." मी एकदा विचारलं, "तात्या, एकटेच कसे खेळता?" तात्या म्हणाले, "एकटा कुठे? ज्याने हे मांडलंय तो बसलाय ना समोर." तेव्हा ते डोक्यावरून गेलं. आता कळतं. डावात काळा आणि पांढरा भांडतात. कोड्यात भांडण असतं रचणाऱ्याचं आणि सोडवणाऱ्याचं. मोहरे नुसते साक्षीदार.

नियम साधे आहेत. पांढरा पहिली खेळी करतो. मग काळ्याने काहीही केलं, अगदी उत्तमातला उत्तम बचाव केला, तरी ठरलेल्या खेळ्यांत मात व्हायलाच हवी. महत्त्वाची अट अशी की अशी पहिली खेळी एकच असली पाहिजे. तिला किल्ली म्हणू. रचणाऱ्याच्या नजरेतून निसटलेली दुसरी एखादी खेळीही चालून गेली, तर कोडं बाद. वर्षभर घासलेलं कोडं एखाद्या शाळकरी पोराच्या पत्राने बाद झालं, असं व्हायचं. पटावरचा प्रत्येक मोहरा काही ना काही कामाचा हवा. नुसती गर्दी करणारा असला तर जाणकार नाक मुरडतात. आणि मांडलेली स्थिती खऱ्या डावात नियमाने येऊ शकेल अशी हवी. कितीही विचित्र दिसो, अशक्य नको.

एक उदाहरण घेऊ. पट नसला तरी कागदावर चौकोन आखून चालेल. उभ्या पट्ट्यांना डावीकडून ए, बी, सी अशी नावं, आडव्या ओळींना खालून १ ते ८. पांढऱ्याकडे तीनच मोहरे: राजा सी-८ वर, हत्ती ए-१ वर, प्यादं बी-६ वर. काळ्याचा राजा कोपऱ्यात ए-८ वर, त्याच्या शेजारी बी-८ वर उंट, आणि पुढ्यात ए-७ आणि बी-७ वर दोन प्यादी. पांढऱ्याने खेळून दोन खेळ्यांत मात करायची.

काळ्या राजाला हलायला घर नाही, स्वतःच्याच माणसांत तो कोंडला आहे. आपला हात आपोआप प्याद्याकडे जातो: बी-६ वरून ए-७ वरचं प्यादं मारावं. मारून पाहा. काळा उंटाने ते प्यादं खातो आणि आपला वेळ संपतो. हत्ती इकडेतिकडे फिरवून पाहा. नाही जमत. किल्ली आहे हत्ती ए-६ वर. म्हणजे हत्ती नेऊन थेट काळ्या प्याद्याच्या तोंडात द्यायचा!

आता काळ्याची पंचाईत बघा. त्याने बी-७ च्या प्याद्याने हत्ती खाल्ला, तर आपलं बी-६ चं प्यादं मोकळ्या झालेल्या बी-७ वर सरकतं आणि मात. राजा त्या प्याद्याला खाऊ शकत नाही, कारण मागे आपला राजा उभा आहे. हत्ती नाही खाल्ला, तर काळ्याला उंट हलवावाच लागतो, कारण दुसरं हलण्यासारखं काही उरलेलंच नाही. ए-७ चं प्यादं काळ्या राजासमोर बांधलं गेलंय, ते बाजूला झालं की राजाला हत्तीचा शह बसेल. उंट कुठेही गेला की आपला हत्ती ए-७ वरचं प्यादं मारून मात करतो, आणि हत्तीला आधार बी-६ च्या प्याद्याचा. काळ्याने नुसतं स्वस्थ बसायचं ठरवलं असतं तर तो वाचला असता. पण बुद्धिबळात आपली पाळी आली की खेळावंच लागतं. ही सक्ती कोडी रचणाऱ्यांचं आवडतं हत्यार.

हे कोडं पॉल मॉर्फीच्या नावावर आहे. एकोणिसाव्या शतकातला हा अमेरिकेचा सर्वांत मोठा खेळाडू. हत्ती खाल्ला तर शेवट प्याद्याने होतो, म्हणून तात्यांना हे कोडं फार प्रिय. जुन्या देशी डावात वजिराने मात केली तर कुणी ढुंकून बघत नसे, प्यादेमात केली की मान, असं ते सांगायचे.

ही हौस आपल्याकडे उसनी आलेली नाही. १८१४ मध्ये याच मुंबईत तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचं इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. संस्कृतातल्या बुद्धिबळाच्या स्थिती युरोपीय नियमांना जुळवून त्यात मांडल्या होत्या. छापील इंग्रजीत बिचाऱ्यांचं नाव त्रेवंगडाचार्य झालं. पेशवाई अजून बुडायची होती आणि बोरीबंदरावरून गाडी सुटायला चाळीस वर्षं होती, तेव्हा या गावात "इतक्या खेळ्यांत जिंका" छापून निघत होतं. पुढे १८४५ मध्ये लंडनच्या एका बुद्धिबळ मासिकात दिल्लीहून एक कोडं आलं. पाठवणाऱ्याने सही केली होती "शागिर्द". तो होता हेन्री ऑगस्टस लव्हडे नावाचा पाद्री. त्याच्या कोड्यात पांढरा आपलाच एक लांब पल्ल्याचा मोहरा एका घराच्या पलीकडे नेऊन ठेवतो, मग त्याच घरात दुसरा मोहरा आणून पहिल्याची वाट अडवतो. आपल्याच हाताने आपली तोफ झाकायची. का? तर काळ्या राजाला एक पाऊल हलायला जागा मिळावी, नाहीतर शह नसताना तो कोंडला जाऊन डाव बरोबरीत सुटेल. काळ्याने ते पाऊल टाकलं की झाकणारा मोहरा बाजूला होतो आणि मागची तोफ उडते. युरोपातल्या कोडेबाजांना याने वेड लावलं. आजही जगभर या युक्तीला "भारतीय कोडं" म्हणतात.

कोडं नुसतं अवघड असून भागत नाही, त्यात एखादी कल्पना हवी, ही समज या सुमाराला पक्की होत गेली आणि नेमक्या त्या दिवसांत लॉइड वाढला. जन्म ३० जानेवारी १८४१, फिलाडेल्फिया; वाढला न्यूयॉर्कमध्ये. चौदाव्या वर्षी त्याचं पहिलं कोडं छापून आलं. सोळा-सतराव्या वर्षी तो 'चेस मंथली' या मासिकासाठी कोडी बघत होता. संपादक होते डॅनियल विलार्ड फिस्क आणि खुद्द मॉर्फी. कोडी पुरत नसली की लॉइड स्वतःच रचायचा आणि खाली टोपणनाव टाकायचा. टोपणनावं कशी? डब्ल्यू. किंग. ए. नाइट. म्हणजे पांढरा राजा आणि एक घोडा! खोट्या सहीची गोडी लागली ती इथेच.

पटावर बसून खेळण्यात तो सामान्य होता. १८६७ मध्ये पॅरिसच्या मोठ्या स्पर्धेत उतरला आणि यादीत खालीच राहिला. याचं नवल वाटायचं कारण नाही. डावात सुंदर खेळी शोधत बसणारा हरतो. तिथे पुरेशी चांगली खेळी वेळेत सापडली की झालं. लॉइडला पुरेशी चांगली खेळी कधी आवडलीच नाही.

त्याचा स्वभाव पुरता कळतो तो एका पैजेत. १८५८ च्या सुमाराची गोष्ट. लॉइड सतरा वर्षांचा. डेनिस जुलियन नावाचा त्याचा एक कोडेबाज मित्र फुशारकी मारायचा की लॉइडचं कुठलंही कोडं द्या, शेवटची मात कोणता मोहरा करणार हे मी नुसतं बघून सांगतो. लॉइडने एक स्थिती मांडली आणि प्रश्न उलटा केला: "मुख्य उत्तरात कोणता मोहरा मात करणारच नाही, ते सांग." पैज रात्रीच्या जेवणाची. जुलियनने पटावर नजर फिरवली आणि बी-२ वरच्या प्याद्यावर बोट ठेवलं. आपल्या घरातून एक पाऊलही न हललेलं, खेळाच्या धामधुमीपासून दूर कोपऱ्यात उभं राहिलेलं प्यादं. कुणीही तेच दाखवलं असतं.

कोडं होतं पाच खेळ्यांत मात. पाचही खेळ्या त्या प्याद्याच्याच निघाल्या.

पहिल्या खेळीत ते दोन घरं उडी मारतं, बी-४. ही खेळी पाहून काहीच बोध होत नाही, पण तिच्यामागे पांढऱ्या हत्तीचा डाव दडलाय: काळा गप्प राहिला तर हत्ती दोन टप्प्यांत पहिल्या ओळीत येऊन मात करतो. काळा सगळ्यात चिवट बचाव करतो, आपला हत्ती सी-५ वर आणून शह देतो. प्यादं त्याला खातं. आता ते सी-५ वर आहे आणि पांढऱ्या हत्तीचा रस्ता मोकळा झालाय. काळ्याला पुन्हा बचाव करावा लागतो. प्यादं सी-६ वर, मग बी-७ वरचा मोहरा खाऊन बी-७, आणि शेवटी ए-८ वरचा मोहरा मारत शेवटच्या ओळीत पोचून वजीर बनतं. मात! काळ्याने आपल्या बचावासाठी केलेल्या प्रत्येक खेळीने त्या प्याद्याला पुढची पायरी बांधून दिली, खरी मौज ही आहे. १८६१ मध्ये हे लंडनच्या एका वर्तमानपत्रात छापलं गेलं. डोंगर चढत जाणाऱ्या तरुणावरच्या लाँगफेलोच्या कवितेवरून लॉइडने त्याला 'एक्सेलसियर' नाव दिलं. आज एखादं प्यादं आपल्या मूळ घरातून निघून कोड्याच्या ओघात शेवटच्या ओळीत पोचलं, की त्या कल्पनेलाच एक्सेलसियर म्हणतात.

यात लॉइडने फसवलं कुठे? नियम तोडला नाही. काहीही लपवलं नाही. सगळे मोहरे समोर होते. जुलियनला त्याच्याच अनुभवाने फसवलं. खेळणाऱ्याला वजीर-हत्ती बघायची सवय असते, म्हणून लॉइडने जी गोष्ट बघायची सवय नसते तिच्यात उत्तर ठेवलं. जादूगार डावा हात हलवतो तेव्हा नाणं उजव्या हातात असतं, तसं. लॉइडला जादूचे प्रयोगही यायचे, आवाज फेकून बाहुला बोलवायची कलाही यायची. प्लंबिंगची कंत्राटं घेतली, वाद्यांची दुकानं चालवली, लाकडावर चित्रं कोरली.

त्याच्या कोड्यांना बऱ्याचदा गोष्टीची फोडणी असे. सर्वांत गाजलेली गोष्ट स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स याची. १७१३ मध्ये आजच्या मोल्दोव्हातल्या बेंडर इथे तुर्कांनी त्याला घेरलं होतं, एवढा भाग इतिहास. पुढचं असं: गोळ्या सुटताहेत आणि राजा आपल्या मंत्र्याशी बुद्धिबळ खेळतोय. तो म्हणतो, "तीन खेळ्यांत मात." एवढ्यात खिडकीतून गोळी येते आणि पटावरचा त्याचा घोडा उडवते. मंत्री नवीन घोडा देऊ करतो. राजा पट न्याहाळतो. "नको. घोड्याशिवाय चार खेळ्यांत मात." दुसरी गोळी येते, एक प्यादं उडतं. "ठीक आहे, पाच खेळ्यांत."

गोष्ट वाचून हसायला येतं, पण रचणाऱ्याच्या जागी बसून पाहा. एकाच मांडणीत तीन कोडी आहेत. एक मोहरा काढला की आधीचं उत्तर मोडलं पाहिजे आणि नवीन, एकच, एका खेळीने लांब उत्तर जन्माला आलं पाहिजे. पत्त्यांच्या बंगल्यातला खालचा पत्ता काढायचा आणि बंगला वेगळ्या आकारात उभा राहिला पाहिजे, तशातली ही गत. नंतर १९०० च्या सुमाराला आणखी एकाने दाखवून दिलं की पहिल्या गोळीने घोड्याऐवजी हत्ती उडवला असता तरी मात होती, सहा खेळ्यांत. लॉइडने हे मुद्दाम ठेवलं होतं की नशिबाने जमलं, यावर तात्या अर्धा तास बोलू शकत.

म्हातारपणीही धार गेली नव्हती. १९०३ मध्ये, बासष्टाव्या वर्षी, त्याच्या तीन खेळ्यांच्या एका कोड्याला पहिलं बक्षीस मिळालं. त्याची किल्ली पाहून आजही पहिल्यांदा बघणारा दचकतो. पांढरा स्वतःच्या राजाला उघड्यावर आणतो, आणि काळा प्याद्याचा वजीर करून त्याला एकदम दुहेरी शह देतो. पांढरा राजा काय करतो? आणखी एक पाऊल पुढे जातो. पुढच्या खेळीला मात ठरलेली. जगज्जेता विल्हेल्म स्टाइनिट्झ याच्या, डावाच्या आरंभीच राजाला असंच मोकळं फिरवणाऱ्या एका सुरुवातीवरून या कोड्याला स्टाइनिट्झ गँबिट म्हणतात.

बुद्धिबळाच्या कोड्यांवर पोट भरत नाही, तेव्हाही भरत नसे. लॉइडचे पैसे आले ते सगळ्यांना कळणाऱ्या कोड्यांतून. एकदा त्याने कार्डावर दोन गाढवं आणि एका पट्टीवर दोन स्वार काढले. कार्ड तीन तुकड्यांत कापायचं आणि दोन्ही स्वारांना गाढवांवर बसवायचं. गाढवं पाठीला पाठ लावून ठेवली आणि मध्ये स्वारांची पट्टी आडवी टाकली, की एकाचं पुढचं अंग आणि दुसऱ्याचं मागचं अंग जुळून दोन नवीनच, चौखूर उधळलेली गाढवं तयार होतात. सर्कसवाला बार्नम याने ते आपल्या जाहिरातीसाठी वाटलं.

१८९६ चं चकतीचं कोडं याहून चक्रावणारं. गोल पृथ्वीभोवती तेरा चिनी योद्धे. मधली चकती थोडी फिरवली की बारा उरतात. तेरावा गेला कुठे? एक कोटी प्रती खपल्या असं सांगतात. उत्तर घरी करून बघता येतं. कागदावर एकाच मापाच्या दहा उभ्या रेघा सारख्या अंतरावर ओढा. पहिल्या रेघेच्या खालच्या टोकापासून दहाव्या रेघेच्या वरच्या टोकापर्यंत तिरपं कापा. आता एक तुकडा कापाच्या बाजूने शेजारच्या रेघेपर्यंत सरकवून जुळवा. मोजा: नऊ. नाहीशी कुठलीच झाली नाही, दहाव्या रेघेचे तुकडे बाकीच्या नवांत वाटले गेले आणि प्रत्येक रेघ एक नवमांशाने लांब झाली. डोळ्याला एवढी वाढ दिसत नाही. लॉइडने हेच गोलावर केलं आणि रेघांच्या जागी माणसं काढली. कुणाला हात जास्त, कुणाला पाय जरा लांब. चित्रं मात्र चिनी माणसांची टिंगल करणारी होती. चिनी मजुरांना अमेरिकेत यायला कायद्याने बंदी होती तो हा काळ, आणि कोड्याचं नावच होतं 'पृथ्वीवरून चालते व्हा'. डोकं तल्लख असलं म्हणून नजर स्वच्छ असतेच असं नाही.

आता भाच्याची चौकट.

१८८० मध्ये हे पंधराचं कोडं अमेरिकेत साथीसारखं पसरलं, मग युरोपातही. लॉइड १८९१ पासून सांगू लागला की ते माझं. वर एक किस्साही जोडायचा: मी पेटंट मागायला गेलो, तर अधिकारी म्हणाला, उत्तर निघत नसेल तर चालतं यंत्र कसं दाखवणार, आणि पेटंट नाकारलं. किस्सा इतका झकास की शंभर वर्षं लोकांनी तो खरा धरला. २००६ मध्ये जेरी स्लोकम आणि डिक सोनेव्हेल्ड या संशोधकांनी कागदपत्रं काढून दाखवलं की लॉइडचा या कोड्याशी काडीचा संबंध नव्हता. ते नोईज चॅपमन या माणसाचं. तो न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनास्टोटा गावचा पोस्टमास्तर. त्याच्या मूळ खेळात सोळा ठोकळे होते, प्रत्येक ओळीची बेरीज ३४ आणायची. लॉइडचं म्हणावं ते फक्त बक्षीस आणि त्याभोवतीचा गाजावाजा.

बक्षीस सुरक्षित का होतं, ते आता लोकलच्या सीटवर बसूनच समजू. चौघांची सीट, खिडकीपासून क्रमाने एक, दोन, तीन, चार. मोठ्या नंबरचा माणूस लहानाच्या आधी बसला असेल तर त्याला "उलटी जोडी" म्हणू. सगळे क्रमाने बसले की उलट्या जोड्या शून्य. शेजारच्या दोघांनी जागा बदलल्या की उलट्या जोड्यांत बरोबर एकचा फरक पडतो, कारण बाकी कुणाच्या पुढेमागे काही बदललेलं नाही. आता खिडकीवाला आणि चौथ्या सीटवर अर्धा लटकणारा यांनी जागा बदलल्या तर? शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या बदलीने ते करून पाहा. खिडकीवाला तीन जणांना ओलांडून टोकाला जातो, तीन बदल्या. लटकणारा आता तिसऱ्या जागी आलाय, त्याला खिडकीपर्यंत दोन बदल्या. एकूण पाच. कुठल्याही दोघांसाठी करा, संख्या विषमच येते. म्हणजे कोणत्याही दोघांची एक अदलाबदल झाली की उलट्या जोड्यांची संख्या समाची विषम होते, नाहीतर विषमाची सम.

चौकटीत रिकामं घर हाही एक प्रवासी समजा, नंबर सोळा. सोंगटी सरकवणं म्हणजे त्या सोंगटीची आणि सोळा नंबरची अदलाबदल. आता त्या सोळा घरांना बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे रंग द्या. दर वेळी रिकामं घर काळ्यावरून पांढऱ्यावर नाहीतर पांढऱ्यावरून काळ्यावर जातं. कोपऱ्यातून निघून पुन्हा त्याच कोपऱ्यात यायचं असेल तर पावलं सम संख्येनेच पडणार. सम अदलाबदली झाल्या म्हणजे उलट्या जोड्या समच्या समच राहिल्या. पण चौदा आणि पंधरा उलटे असतील तर उलटी जोडी आहे एक. विषम! दोन्ही गोष्टी एकत्र नांदूच शकत नाहीत. १८७९ मध्ये जॉन्सन आणि स्टोरी या दोघांनी हे गणिताच्या नियतकालिकात सिद्ध करून छापलं होतं. लॉइडचं बक्षीस त्यानंतरचं.

त्याच्या थापा इथे थांबत नाहीत. शाळेत आपण टॅनग्रामच्या सात तुकड्यांतून मांजर, होडी करतो. त्याच्यावर लॉइडने १९०३ मध्ये एक पुस्तक काढलं आणि या खेळाला चार हजार वर्षांचा इतिहास देऊन टाकला, टॅन नावाच्या चिनी देवासकट. भलेभले फसले. अखेर ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक जेम्स मरे यांनी चीनमधल्या आपल्या मुलाकडून चौकशी करवली, तेव्हा कळलं की असा देवही नाही आणि असा इतिहासही नाही. अमेरिकेतला पार्चीसी हा खेळही लॉइडच्या नावावर खपवला जातो. पचीसी आपल्या घराघरांत कवड्यांनी किती पिढ्या खेळली जाते हे तुम्हाला मी सांगायला नको.

सर्वांत जास्त जीव जळला तो इंग्लंडच्या हेन्री डुडेनी या कोडेबाजाचा. हा लॉइडपेक्षा सोळा वर्षांनी लहान, तेराव्या वर्षी कारकुनी धरलेला, गणितात लॉइडपेक्षा कितीतरी पक्का. समभुज त्रिकोणाचे चार तुकडे करून चौरस जुळवण्याची त्याची कृती पाहिली की हात जोडावेसे वाटतात. दोघांचा पत्रव्यवहार होता, काही काळ एकत्र कामही केलं. मग डुडेनीच्या लक्षात आलं की आपली कोडी लॉइड स्वतःच्या नावाने छापतोय. त्याच्या मुलीच्या आठवणीनुसार घरात लॉइडचं नाव निघालं की बाप संतापाने लाल व्हायचा. लॉइडने एकदा चौरसाच्या एका बाजूने त्रिकोणी चौथा हिस्सा कापलेली, बिशपच्या टोपीसारखी आकृती चार तुकड्यांत कापून चौरस होतो असं जाहीर केलं. डुडेनीने ते चूक ठरवलं आणि पाच तुकड्यांत खरोखर करून दाखवलं. मला यात डुडेनीच्या चेहऱ्यावरचं समाधान दिसतं.

लॉइड न्यूयॉर्कमध्ये गेला, १० एप्रिल १९११ ला. योगायोग असा की त्याच दिवशी डुडेनीचा चौपन्नावा वाढदिवस होता. नंतर लॉइडच्या मुलाने बापाचंच नाव लावलं आणि १९१४ मध्ये पाच हजार कोड्यांचा जाडजूड ग्रंथ काढला. त्यात चुकीची उत्तरं बरीच, आणि डुडेनीची कोडीही आहेत. बुद्धिबळाच्या कोड्यांची नोंद मात्र चांगल्या हाती पडली. अलेन व्हाइट या अभ्यासकाने १९१३ मध्ये त्यांचा संग्रह नीट टिपांसकट छापला.

मी तात्यांना एकदा म्हटलं होतं, एवढा हुशार माणूस, दुसऱ्याची कोडी चोरायची गरज काय होती? तात्यांनी पटावरून मान वर केली नाही. "कोडं रचताना खोटं बोलावंच लागतं रे. पण खाली उत्तर छापतात ना, तिथे सगळं वसूल होतं. याने पटाबाहेर उत्तर छापायचं राहून गेलं."

भाच्याला मी उलट्या जोड्यांचं गणित समजावलं. सीट, खिडकी, सोळावा प्रवासी, सगळं. त्याला कळलं असावं, कारण त्याने चौदा आणि पंधरा उपटून मुद्दाम उलटे बसवले आणि चौकट दप्तरात टाकली. चार दिवसांनी ताईचा फोन आला. वर्गातल्या सात जणांकडून प्रत्येकी एक वडापाव वसूल झालाय, आठव्याच्या आईने शाळेत तक्रार केलीय, आणि चौकशीत त्याने सांगितलंय की हे कोडं त्याच्या मामाने शोधलं.